बी. ए. झालो, पुढे काय? : मराठवाड्यातील पदवी आणि नोकरीचा इतिहास



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की शाळेच्या व्हरांड्यात दोन-चार पालक मला हमखास गाठतात. कोणी मोंढ्यात हमाली करणारे, कोणी सायकल दुरुस्तीचे दुकान चालविणारे, कोणी सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणारे. प्रश्न सर्वांचा एकच असतो, "सर, पोराला आर्ट्सला घालावे का? बी. ए. करून नोकरी लागते का?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देणे मला जमत नाही. मी स्वतः इतिहास विषय घेऊन २००९ साली बी. ए. झालो. निकालाच्या दिवशी अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि रात्री जेवताना सहज विचारले, "आता पगार कधीपासून सुरू होणार?" त्या पहिल्या पगाराला पुढे दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःलाही पुष्कळदा विचारला. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे त्याचे उत्तर मी इतिहासात शोधू लागलो. तेव्हा असे दिसून आले, की हा प्रश्न आपल्या भागात शंभर वर्षांहून अधिक जुना आहे आणि आपल्या वाडवडिलांनी तो तीन-तीनदा नव्याने सोडविला आहे. त्याचीच हकिकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

लेखणीवरची उपजीविका

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या पाळण्यात व्यापारी जसे वाढले, तसे लेखणीवर पोट भरणारेही वाढले. बादशहा अकबराचा विद्वान मंत्री अबुल फजल याचे काही काळ जालन्यात वास्तव्य होते, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. त्या काळापासून दप्तराची भाषा फारसी होती. ज्याला फारसी येई तो मुन्शी होई. गावपातळीवर मात्र कुलकर्ण्याचे दप्तर मराठीत, मोडी लिपीत चाले. म्हणजे रयतेची भाषा एक आणि सरकारची दुसरी. या दोहोंच्या मधे जो उभा राहू शके त्याची भाकरी पक्की असे.

१८५३ मध्ये सालारजंग पहिले हे हैदराबाद संस्थानचे दिवाण झाले. त्यांनी जमाबंदीची जुनी मक्तेदारी मोडून जिल्हे पाडले, तालुके ठरविले, पगारी अधिकारी नेमले आणि न्याय, पोलीस, शिक्षण अशी खाती उभी केली. आजच्या अर्थाने ज्याला आपण 'सरकारी नोकरी' म्हणतो, तिचा मराठवाड्यातील उगम येथे आहे. परंतु ही नवी खाती चालविण्यास शिकलेली माणसे संस्थानात पुरेशी नव्हती. तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून शिक्षित मंडळी बोलाविण्यात आली. येथूनच 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हा वाद सुरू झाला. आमच्या भागातील नोकरी आमच्या मुलाला का नाही, ही तक्रार आज आपण करतो. आपल्या पणजोबांची तक्रारही हीच होती. अखेर १९१९ मध्ये निजामाने फर्मान काढून नोकरीसाठी मुलकी असण्याचे नियम घालून दिले.

दरम्यान एक मोठा बदल घडून आला होता. १८८० च्या दशकात कचेऱ्यांतून फारसी गेली आणि तिची जागा उर्दूने घेतली. फारसी हेच ज्यांचे भांडवल होते त्यांचे भांडवल एका पिढीत आटले. ज्यांनी वेळीच उर्दू दप्तराची रीत शिकून घेतली ते टिकले. मित्रांनो, हा आपल्या गोष्टीतील पहिला प्रसंग. तो ध्यानात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

उस्मानियाचा बी. ए.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच होऊ शकते, अशी सर्वत्र समजूत असताना या विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, कायदा आदी विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघाले. 'बाबा-ए-उर्दू' मौलवी अब्दुल हक यांचे कार्य त्या काळी औरंगाबादेतूनच चालत असे. आपल्या जालन्याचा मुलगा इंटरपर्यंत तेथे शिके आणि बी. ए. साठी मनमाड-सिकंदराबाद मार्गाच्या मीटरगेज गाडीत बसून हैदराबादला जाई.

त्या काळच्या बी. ए. ला नोकरी का मिळे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. एक तर पदवीधर मोजके होते. दुसरे म्हणजे तो ज्या भाषेत शिकला त्याच भाषेत कचेरी चालत होती. त्यामुळे वर्गातून उठलेला मुलगा थेट तहशिलीत बसू शकत होता. तिसरे म्हणजे नोकरी देणारा एकच मोठा धनी होता, तो म्हणजे सरकार. या तीन गोष्टी जुळल्या तोवर बी. ए. ची पदवी सोन्याच्या मोलाची ठरली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बहुसंख्य रयत मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणारी होती आणि तिच्या मुलांना परक्या भाषेतून शिकावे लागत होते. आपल्याकडच्या अनेक हिंदू कुटुंबांतील मुले उर्दू शिकून वकील आणि कारकून झाली, पण खेड्यातील असंख्य मुले शाळेच्या दारातच राहिली. आपल्यासाठी जे दार उघडे होते, ते दुसऱ्या कोणासाठी अरुंद होते, याची जाणीव इतिहास वाचताना सुटता कामा नये.

एका सप्टेंबरने बदललेले जग

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारत सरकारची पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान शरण आले. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. जनतेच्या दृष्टीने हे स्वातंत्र्य होते आणि या लढ्यात सर्व धर्मांची माणसे होती. त्याचबरोबर पुढील काही महिने मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबांवर फार मोठी आपत्ती कोसळली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने तिची नोंद केली. तो अहवाल सर्वसामान्यांस पाहावयास मिळाला तो मात्र २०१३ मध्ये.

नोकरीच्या प्रश्नापुरते पाहता त्या दोन-तीन वर्षांत तीन आधार एकदम निखळले. जुन्या राजवटीतील अनेक नोकरदारांच्या नोकऱ्या गेल्या. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, तेव्हा जहागीरदारांच्या दप्तरांवर जगणारे मुन्शी, मुनीम आणि शिपाई उघड्यावर आले. आणि उस्मानिया विद्यापीठातील उर्दू माध्यम जाऊन तेथे इंग्रजी आले. म्हणजे नोकरी, आश्रय आणि भाषा ही तिन्ही गेली.

आमच्या घरात सांगितली जाणारी एक हकिकत येथे सांगतो. माझे पणजोबा तालुक्याच्या कचेरीत उर्दू कारकून होते. अक्षर असे, की लोक अर्ज लिहून घेण्यासाठी घरी येत. १९४८ नंतर काही काळ ते घरीच बसून होते. तेव्हा शेजारच्या गल्लीतील एका मराठी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकविण्याचे कबूल केले. पस्तिशी उलटलेला गृहस्थ संध्याकाळी दार लावून मुलाच्या पाटीवर 'क, का, कि, की' गिरवीत असे. दार लावण्याचे कारण लाज हे होते. त्यांना सरकारी नोकरी पुन्हा मिळाली नाही. पण मोंढ्यातील एका अडत दुकानात ते मराठीत खातेवही लिहू लागले आणि पाच लेकरांचे पोट भरले. त्यांचे धाकटे भाऊ अक्षराने आणि इल्माने त्यांच्यापेक्षा सरस होते, असे घरातील बुजुर्ग सांगत. 'आपला जमाना परत येईल' असे म्हणत ते मात्र शेवटपर्यंत वाट पाहत राहिले. या दोघांपैकी कोणालाही मी दोष देत नाही. ज्याचे सर्व काही एका वर्षात गेले, त्याला दुरून उपदेश करणे सोपे असते. परंतु माझे आजोबा शिकले ते पाटी गिरविणाऱ्या भावाच्या कमाईवर, ही गोष्ट खरी.

मराठी राज्य आणि मास्तरकीचे दिवस

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. आता कचेरीचे दार मराठीने उघडू लागले.

याच सुमारास मराठवाड्यात शिक्षणाची गंगा आली असे म्हटल्यास वावगे ठरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आपल्या गावात सुरू झाले. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज निघाले. ज्या पदवीसाठी पूर्वी हैदराबाद गाठावे लागे, ती आता घरची भाकरी खाऊन घेता येऊ लागली.

पदवीला कामही मिळू लागले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, गावोगाव शाळा निघाल्या, हायस्कुले निघाली. बी. ए. ला बी. एड. ची जोड दिली की मास्तरकी मिळे. बँका, एस. टी., वीज मंडळ, तलाठी, ग्रामसेवक अशा जागा निघत. आपल्या उर्दू शाळांनाही शिक्षक लागत. त्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांनी पदव्या घेतल्या, त्यांच्या उदाहरणावरून आपल्या समाजात 'बी. ए. म्हणजे नोकरी' हा समज पक्का झाला. दुर्दैवाने परिस्थिती पालटल्यावरही समज तसाच राहिला.

१९७४ चा धडा

परिस्थिती लवकरच पालटली. महाविद्यालये वाढली, पदवीधर वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात सारा मराठवाडा खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामावर होता. हजेरीपटावर नावे लिहिण्याचे काम हीच कित्येक शिकलेल्या मुलांची पहिली 'नोकरी' ठरली. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवावे, कार्डाचे वेळेवर नूतनीकरण करावे आणि 'कॉल' ची वाट पाहावी, असा त्या पिढीचा शिरस्ता होता. आमच्या घरात आजोबांचे पिवळे पडलेले कार्ड अजून आहे. नूतनीकरणाचे शिक्के त्यावर ओळीने आहेत, कॉल मात्र एकदाच आला होता.

याच असंतोषातून १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. ते विद्यार्थ्यांनी पेटविले आणि स्थानिकांना नोकऱ्या हा त्यातील एक प्रमुख प्रश्न होता. वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचा बळी गेला. ही मागणी काही हवेतली नव्हती. १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांत विभागवार वाटा मान्य केलेला होता. भारतीय संविधानाच्या कलम ३७१ (२) मध्ये मराठवाड्याचे नाव घेऊन तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि राज्यसेवेत पुरेशी संधी यांचा उल्लेख आहे. त्यानुसार वैधानिक विकास मंडळ झाले ते १९९४ मध्ये. हक्क कागदावर असला, तरी तो पदरात पडण्यास चाळीस वर्षे लागू शकतात, एवढे यावरून समजते. हक्कासाठी भांडलेच पाहिजे. पण भांडण चालू असताना घरातील मुलाने वयाची ती चाळीस वर्षे कशी काढावी, याचाही विचार पालकांनी केला पाहिजे.

माझी दहा वर्षे

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जिल्हा कचेऱ्या आल्या, काही जागा निघाल्या. तिकडे बियाणे उद्योग वाढत होता. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी स्थापन केली होती. पुढे सळईच्या कारखान्यांनी जालन्याचे नाव देशभर केले. पण कारखान्याच्या फाटकावर बी. ए. चे प्रमाणपत्र नेले, तर "काय येते?" असा प्रश्न होतो. "पदवी आहे" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. २०१० मध्ये बी. एड. झालो. एका संस्थेत मुलाखतीला गेलो, तेव्हा मला इतिहासाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. किती रक्कम देऊ शकाल, एवढेच विचारले गेले. अब्बांची सात वर्षांची कमाईही तिला पुरली नसती. २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर निर्बंध आले. मी सकाळी शिकवणी घेत असे आणि दुपारी एका बियाणे दुकानात हिशेब लिहीत असे. मराठी टंकलेखन तेव्हाच शिकलो. दुकानदार म्हणत, "मास्तर, तुमची बी. ए. राहू द्या, तुमचा ताळेबंद चुकत नाही म्हणून तुम्हाला ठेवले आहे." तेव्हा राग येई, आज ते शब्द पणजोबांच्या खातेवहीजवळ नेऊन ठेवावेसे वाटतात. २०१७ मध्ये 'पवित्र' प्रणाली आली, चाचणी परीक्षा झाली, गुणांवर निवड होऊ लागली. २०१९ मध्ये मी शिक्षण सेवक झालो. माध्यमिकचे मानधन तेव्हा महिना ८,००० रुपये होते. ते २०२३ पासून १८,००० झाले, पण तोवर माझी तीन वर्षे पुरी होऊन गेली होती. तरीही सांगतो, देणगी न देता, केवळ गुणांवर मिळालेल्या त्या पहिल्या मानधनाची चव वेगळीच होती. तो दिवस पाहण्यास अब्बा नव्हते.

आपण काय शिकावे?

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. भारतीय प्रशासन सेवेत मुस्लिमांचे प्रमाण ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, असे त्यात दाखवून दिले. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत जेमतेम १ मुस्लिम होता. पक्षपात होतो की नाही, याची चर्चा आपण पुष्कळ करतो आणि ती निराधार नाही. परंतु जो उमेदवार परीक्षेला बसलाच नाही, त्याच्यावर अन्याय करण्याची कोणाला गरजच पडत नाही.

याउलट एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख हा मराठी माध्यमातून शिकला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाला. २०१६ मध्ये लागलेल्या लोकसेवा आयोगाच्या निकालात पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो ३६१ वा आला आणि सनदी अधिकारी झाला. ज्या बी. ए. ला आपण बिनकामाची म्हणतो, तीच ही बी. ए. अर्थात, प्रत्येक मुलगा सनदी अधिकारी होणार नाही. हजारांत एखादा होतो. म्हणून इतर नऊशे नव्व्याण्णव मुलांसाठी या इतिहासातून काय मिळते, तेवढे सांगून लेख आवरता घेतो.

पहिली गोष्ट भाषेची. फारसी गेली, उर्दू आली. उर्दू गेली, मराठी आली. प्रत्येक वेळी तरला तो, ज्याने आपली भाषा न सोडता दुसरी शिकली. घरात दखनी बोला, उर्दूवर प्रेम करा, पण मराठीत अर्ज, टिपण आणि निबंध असा लिहा, की तपासणाराने तांबडी शाई उचलू नये. इंग्रजीचे रोजचे एक पान वाचा.

दुसरी गोष्ट हुन्नराची. हिशेब, टंकलेखन व संगणक, भाषांतर, अध्यापन यांपैकी एक तरी काम पदवीच्या तीन वर्षांतच हाती घ्या. बी. एड. आता दोन वर्षांचे आहे. केवळ वेळ घालविण्यासाठी ते करू नका, शिकविण्याची आवड असेल तरच करा.

तिसरी गोष्ट वेळेची. स्पर्धा परीक्षेची तयारी पदवीनंतर सुरू करावयाची नसते, ती पदवीबरोबर करावयाची असते. आणि किती वर्षे प्रयत्न करावयाचे, हे घरी बसून आधीच ठरवावे. वयाची मर्यादा संपल्यावर जागा होणारा मुलगा घराला आणि स्वतःलाही परका होतो.

पालकांना एक विनंती आहे. मुलगी आर्ट्सला जात असेल तर 'लग्नापर्यंत वेळ जाईल' म्हणून पाठवू नका, वरील तिन्ही गोष्टी तिलाही तितक्याच लागू आहेत. मुलाने दुकानात हिशेब लिहिला किंवा शिकवणी घेतली तर 'बी. ए. होऊन हेच?' असे विचारू नका. माझ्या पणजोबांना दार लावून पाटी गिरवावी लागली. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये. त्यांना जे नवे शिकावयाचे आहे, ते उघड्या दाराने, दिवसाढवळ्या शिकू द्या.